मुंबईच्या उकाड्यात घरचा कोंबुचा : दिवस मोजू नका, चव घ्या

शेवग्याची शेंग

कोंबुचाबद्दल इथे बऱ्याच धाग्यांत अवांतर प्रतिसाद पडलेत, पण एका जागी काहीच नाही. विपूतही (माझ्या पानावरच्या विचारपुशीत) तेच तेच प्रश्न येतात, त्यातला "किती दिवस ठेवायचा?" हा सगळ्यात लाडका. म्हणून धागाच काढते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गोड कोरा चहा करायचा, गार झाला की त्यात आधीच्या बॅचचा आंबट कोंबुचा विरजण म्हणून घालायचा आणि वर स्कोबी सोडायची. स्कोबी म्हणजे यीस्ट आणि बॅक्टेरिया मिळून राहतात ती चिवट चकती. मग बरणीच्या तोंडाला कापड बांधून कोपऱ्यात ठेवायचं. हवा लागते, त्यामुळे झाकण घट्ट लावायचं नाही.

एक लिटर पाण्याला ६० ते ७० ग्रॅम साखर, ५-६ ग्रॅम चहापत्ती, १५० मिली विरजण. वाटीभर पाणी उकळून गॅस बंद करायचा, त्यात चहा आणि साखर घालून दहा मिनिटं झाकून ठेवायचं, गाळायचं, आणि उरलेलं उकळून गार केलेलं पाणी त्यात घालायचं. बरणीला बाहेरून हात लावला तर अजिबात कोमट लागता कामा नये, तेव्हाच विरजण आणि स्कोबी आत. पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते उकळल्यावर निघून जातं, म्हणून सगळंच पाणी उकळा.

आता मुद्दा. नेटवरच्या बहुतेक पाककृती थंड देशातल्या लोकांनी लिहिल्यात. ते सांगतात सात ते चौदा दिवस, आणि बरणीखाली गरम राहायला हीटिंग मॅट ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात ओट्यावर ३२-३३ अंश असतं, मॅट कसली ठेवता! कोंबुचाला साधारण २४ ते २९ अंश मानवतं. त्याच्या वर गेलं की सगळं धावत सुटतं आणि चौदाव्या दिवशी तुम्हाला पेय मिळत नाही, व्हिनेगर मिळतं. उन्हाळ्यात चौथ्या दिवसापासून चव घ्यायला लागा. जानेवारीत तेच आठ-दहा दिवसांवर जातं. पावसाळ्यात मधलं काहीतरी. कॅलेंडरवर खूण करून विसरून जायचं असेल तर हे पेय मुंबईत करू नका.

चव कशी घ्यायची: चकती एका बाजूने जराशी दाबून स्टीलचा स्वच्छ चमचा आत घालायचा. आधी गोड लागून मागाहून आंबट यायला लागलं की जवळ आलंय. दोन्ही एकदम लागलं की काढायचं.

कोपरखळी

म्हणजे आमच्या घरी चहा नासला की बायको मला ओरडते, आणि हेच बाटलीत भरून दोनशे रुपयांना विकलं की आरोग्यदायी. कळलं.

चिंचपोकळीकर

छान धागा. दोन शंका. वाण्याकडची ममरी (दाणेदार चहापत्ती) चालेल का, की ते पानांचं महाग प्रकरण आणायलाच हवं? आणि गुळाचा करता येतो का? घरात साखर बंद आहे.

शेवग्याची शेंग

ममरी बिनधास्त चालते, मी तीच वापरते. फक्त ती फार कडक उतरते, म्हणून लिटरला ४ ग्रॅम पुरे आणि पाचच मिनिटं ठेवा, नाहीतर शेवटपर्यंत तुरट लागतं. मसाला चहा, वेलचीवाला, सुगंधी तेल मारलेला चहा नको. नुसत्या गवती चहाचा किंवा तुळशीचा काढाही नको, त्यावर एखादी बॅच निघते पण स्कोबी पुढे अशक्त होते. तिला खऱ्या चहातली द्रव्यं लागतात.

गुळाचा होतो, पण गढूळ होतो आणि प्रत्येक ढेपेगणिक वेगळा वागतो. आधी साखरेवर हात बसू दे. साखर बंद असेल तर त्या बदली मिळणाऱ्या बिनकॅलरीच्या गोळ्या मात्र घालू नका, यीस्टला त्यातून काही खायला मिळत नाही.

सूक्ष्मदर्शी

मायक्रोबायोलॉजी शिकलेय, म्हणून थोडी भर. बरणीत दोन पाळ्यांमध्ये काम चालतं. यीस्ट साखरेचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं आणि त्यातून अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बनवतं. मग ॲसिटिक ॲसिडचे बॅक्टेरिया हवेतला ऑक्सिजन घेऊन त्या अल्कोहोलचं आम्ल करतात, ग्लुकोजपासून ग्लुकोनिक आम्लही होतं. वरची चकती त्यातल्याच एका बॅक्टेरियाने विणलेलं सेल्युलोज आहे. फिलिपाइन्समध्ये नारळपाण्यावर हाच बॅक्टेरिया वाढवून नाता दे कोको करतात, डेझर्टात ते चौकोनी पांढरे तुकडे असतात ना, तेच.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. चकती म्हणजे सर्वस्व नाही. सगळे जीव त्या द्रवातही आहेत. चकती नसली आणि चांगलं आंबट विरजण असलं तरी काम होतं, नवी चकती आपोआप धरते. उलट चकती आहे पण विरजण पाणचट, असं असेल तर बुरशीला आवतण. सुरुवातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) ४.५ च्या खाली हवा. तयार कोंबुचा २.५ ते ४.२ च्या दरम्यान. सात दिवसांत ४.२ च्या खाली उतरला नाही तर ओतून द्यावा. पट्ट्या ऑनलाइन मिळतात, पण १ ते १४ वाल्या घेऊ नका, त्यात ३ आणि ४ मधला फरक डोळ्याला कळत नाही.

उन्हाळ्यासाठी आणखी एक: पुढच्या बॅचचं विरजण बरणीच्या वरच्या थरातून काढा. तळाशी जो तपकिरी गाळ बसतो ते यीस्ट. दरवेळी तळातलं घेत गेलात तर हळूहळू यीस्टचं राज्य होतं आणि कोंबुचाला बिअरसारखा वास यायला लागतो.

चिंचपोकळीकर

वरचा प्रतिसाद वाचनखुणेत साठवला आहे. धन्यवाद.

तिसरा मजला

आमच्याकडे चिलटांनी उच्छाद मांडलाय. मलमलचं कापड दुहेरी बांधलं होतं तरी आत दोन सापडली. आंब्याच्या पेट्या आल्यापासून घरात चिलटंच चिलटं आहेत. काय करावं?

शेवग्याची शेंग

मलमल नकोच, चिलटं त्यातून आरामात आत जातात. जुन्या सुती साडीचा घट्ट विणीचा तुकडा किंवा मोठा रुमाल घ्या, आणि रबर एक नाही दोन लावा. चकतीवर बारीक पांढऱ्या अळ्या दिसल्या तर पुढे विचार करायचा नाही, सगळं बाद.

मुंग्यांसाठी परातीत पाणी घालून त्यात बरणी. त्याने बरणीही जराशी गार राहते, अर्थात आपल्या दमट हवेत फार आशा धरू नका. आंब्याची पेटी आणि बरणी मात्र एका खोलीत नको.

उभा कांदा

माझ्या बरणीत तिसऱ्या दिवशी हे दिसलं: चकतीखाली तपकिरी दोरे लोंबतायत, जुनी चकती आडवी होऊन तळाशी गेलीय, आणि वर पातळ पांढुरकी साय आलीय, तिच्यात बुडबुडे अडकलेत. फोटो चढत नाहीये. फेकू का?

सूक्ष्मदर्शी

फेकू नका! तिन्ही गोष्टी नॉर्मल. दोरे म्हणजे यीस्ट. जुनी चकती बुडते, तरंगते, उभी राहते, तिची मर्जी. ती पांढुरकी साय म्हणजे नवी चकती. आत्ता तिच्यातून आरपार दिसत असेल, अजून दोन दिवसांत ती कोवळ्या शहाळ्याच्या मलईसारखी होईल, मग जाड आणि अपारदर्शक.

बुरशी ओळखायची खूण एकच धरा: कोरडी आणि केसाळ. ती नेहमी पृष्ठभागावर असते, गोल ठिपक्यांनी सुरू होते, पांढरी, हिरवी, निळी किंवा काळी. ओलं, चकचकीत, गुळगुळीत असेल तर बहुधा चकतीच. सुरकुत्या पडलेला पांढरा पापुद्रा आला तर ते एक वेगळं यीस्ट. त्याने जीव जात नाही, पण चव बिघडते.

बुरशी असेल तर वरचं काढून खालचं वाचवू नका. चकती, द्रव, सगळं बाहेर. बरणी उकळत्या पाण्याने धुवून नवीन विरजण आणा.

उभा कांदा

हुश्श. ओटा पुसता पुसता सासूबाई ओतायलाच निघाल्या होत्या.

पेन्शनर काका

मला मधुमेह आहे. आमच्या बागेतल्या मंडळींपैकी एकाने सांगितलं की याने साखर उतरते, आणि साखर तर सगळी बॅक्टेरियाच खातात म्हणे. घ्यावा का?

स्टेथो

काका, सगळी साखर खात नाहीत. प्यायला बरं लागतं त्या टप्प्यावर बरीच शिल्लक असते. म्हणूनच ते गोड लागतं. पूर्ण खाऊ द्यायची तर व्हिनेगर प्यायची तयारी हवी.

साखर उतरते हे जे फिरतंय त्यामागे २०२३ मध्ये अमेरिकेत झालेला एक अभ्यास असावा. टाइप २ मधुमेहाच्या १२ जणांना चार आठवडे रोज एक ग्लास कोंबुचा दिला आणि त्यांची उपाशीपोटीची साखर कमी झालेली दिसली. पण माणसं फक्त १२, आणि तेही प्राथमिक पातळीवरचं काम. त्यावर औषधं बदलायची नाहीत. तुम्ही घेत असलेल्या गोळ्यांबद्दल मी इथे बोलणार नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या, आणि घेतलात तर तो दिवसाच्या साखरेत धरा.

बाकीच्यांसाठी: गरोदर बायका, लहान मुलं, केमो चालू असलेले किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेले यांनी घरचा कोंबुचा पिऊ नये. तो पाश्चराइझ केलेला नसतो. १९९५ मध्ये अमेरिकेत आयोवा राज्यात दोन बायकांच्या रक्तातलं आम्ल धोकादायक वाढलं, एक दगावली. दोघी रोज कोंबुचा पीत होत्या. त्यानेच झालं हे सिद्ध झालं नाही, पण तेव्हा तिथल्या आरोग्य यंत्रणेने दिवसाला चार औंस, म्हणजे साधारण १२० मिली, निरोगी माणसाला अपाय करणार नाही असं म्हटलं होतं. सुरुवात करणाऱ्याला अजूनही हे माप बरं आहे. पाण्याऐवजी ढोसायची वस्तू नाही ही.

कोपरखळी

आता मला खरंच प्यावंसं वाटायला लागलंय, डॉक्टर नको म्हणाले की वाटतंच.

वसईची मावशी

आमच्याकडे ताडीचा सिरका घरात असतोच, त्यावरही कधी कधी अशीच पातळ चकती धरते. कोणी तिला नाव दिलं नाही की बाळासारखी जपली नाही, काढून टाकायचो. आता हे सगळं वाचून गंमत वाटली.

माझा प्रश्न भांड्याचा. लोणच्याची चिनी मातीची मोठी बरणी रिकामी आहे, त्यात करू का? आणि पितळेचं पातेलं कल्हई केलेलं आहे, चहा त्यात उकळला तर?

सूक्ष्मदर्शी

मावशी, चहा स्टीलमध्ये उकळा आणि आंबवायला काचेचीच बरणी घ्या. चिनी मातीच्या जुन्या बरण्यांच्या चकाकीत शिसं असू शकतं आणि आम्ल ते ओढून घेतं. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला अशा मातीच्या भांड्यातल्या कोंबुचातून शिशाची विषबाधा झाल्याची नोंद १९९८ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली होती. तांबं, पितळ, ॲल्युमिनियम बाद. कल्हईच्या भरवशावर आठवडाभर आम्ल ठेवायचं नाही. स्टीलचा चमचा क्षणभर बुडवला तर काही होत नाही.

वसईची मावशी

बरं. बरणी लोणच्यालाच ठेवते मग.

फुगडी

फसफस कशी आणायची यावर कोणीच बोललं नाही! माझा चवीला छान होतो पण बसलेल्या सोड्यासारखा.

शेवग्याची शेंग

येते त्याच्यावर. बरणीवर नुसतं कापड असतं, त्यामुळे गॅस उडून जातो. फसफस दुसऱ्या आंबवणीत येते. तयार कोंबुचा बाटलीत भरायचा, अर्ध्या लिटरला एखादा चमचा साखर किंवा थोडं फळ, वर दोन बोटं जागा, आणि घट्ट बंद करून बाहेर ठेवायचा. नेटवर लिहिलंय तीन ते सात दिवस. मुंबईत मे महिन्यात एक दिवस, फार तर दीड! मग थेट फ्रीजमध्ये.

यातच खरा धोका आहे, म्हणून सविस्तर लिहिते. बाटली गोल हवी आणि दाब सोसणारी हवी. घरसजावटीच्या दुकानातली चौकोनी कोपऱ्यांची सुंदर बाटली नको, कोपऱ्यात दाब बसतो आणि ती फुटते. जॅमच्या बरण्या नकोत. रद्दीवाल्याकडून बिअरच्या किंवा सोड्याच्या जाड काचेच्या बाटल्या मिळतात, किंवा तारेच्या खटक्याचं झाकण असलेल्या घ्या, पण त्यातही हलक्या काचेच्या येतात, हातात घेऊन वजन बघा.

प्रत्येक वेळी एक बाटली प्लास्टिकची भरा, कोल्ड्रिंकची रिकामी चालेल. ती दाबून बघायची. दाबली जात नाही इतकी कडक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या फ्रीजमध्ये. बाटल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवून वर टॉवेल टाका. उघडायची ती पूर्ण गार झाल्यावर, सिंकमध्ये, तोंड स्वतःपासून लांब धरून.

फुगडी

हे सोनं आहे. प्लास्टिकच्या बाटलीची युक्ती कुठेच वाचली नव्हती.

आणि स्वाद? हापूसचा रस घातला तर?

कोकणचा काळा बोका

हापूस?? चहात आंबवायला?? अहो ताई, पायरी घ्या, तोतापुरी घ्या, देवगडच्या पेटीला हात लावू नका.

शेवग्याची शेंग

बोका, भावना पोचल्या. शिवाय हापूसच्या रसात साखर भरपूर आणि गर दाट, उघडल्यावर अर्धी बाटली छतावर. अननसाचंही तसंच. घालायचाच तर अर्ध्या लिटरला दोन चमचे, त्याहून जास्त नाही, आणि गाळून.

माझं मत विचाराल तर आलं आणि गवती चहा. आल्याच्या पातळ चकत्या, गवती चहाचं एक पान गाठ मारून. त्याच्या खालोखाल करवंदं, मे महिन्यात स्टेशनबाहेर टोपल्या घेऊन बायका बसतात तेव्हा. करवंदं ठेचून घाला, रंग असा येतो की पाहुणे विचारतात. जून लागला की जांभळं, ती तुरट असतात म्हणून कोंबुचा जरा गोडसर असतानाच काढायचा.

कोकमाबाबत एक सूचना. आगळ घालू नका, त्यात मीठ असतं. आमसुलंही बरीचशी मिठातली असतात. बिनमिठाची सुकी कोकमं मिळाली तर दोन पाकळ्या पुरतात.

कोकणचा काळा बोका

रातांब्याच्या दिवसांत ताज्या सालीच घाला की! साल काढायची, बी फेकायचं नाही (त्याचं कोकमतेल होतं), आणि साली तशाच बाटलीत. गावी गेलात तर.

नामानिराळा

जरा बेसूर विचारतो. यात दारू असते का? आमच्या घरी माळकरी आहेत. आणि कायद्याने काही भानगड?

सूक्ष्मदर्शी

असते, थोडी. बरणीत हवा असेपर्यंत बॅक्टेरिया अल्कोहोलचं आम्ल करत राहतात, म्हणून ती कमी राहते. बाटली बंद केली की ऑक्सिजन संपतो, आम्ल करणारे बॅक्टेरिया गप्प बसतात आणि यीस्ट मात्र चालूच राहतं. म्हणजे जितकी जास्त फसफस, जितकं जास्त फळ, तितकं अल्कोहोल वाढतं. अर्धा टक्का ओलांडणं घरच्या बाटलीला मुळीच अवघड नाही. २०१० मध्ये अमेरिकेत याच कारणाने दुकानांतून कोंबुचाच्या बाटल्या मागे घ्याव्या लागल्या होत्या. आपल्याकडे एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांतही अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं की ते मद्य. विकायचा विचार असेल तर परवाना आणि प्रयोगशाळेची तपासणी आलीच.

माळकऱ्यांना मी तरी देणार नाही. विचारून, सांगून, त्यांना ठरवू द्या.

नामानिराळा

सरळ उत्तराबद्दल आभार. वडिलांना सांगितलं, ते "मग ताक काय वाईट आहे" म्हणाले.

कोपरखळी

वडिलांना +१

तिसरा मजला

चिलटं गेली, साडीचा तुकडा कामी आला. आता चकती इतकी जाड झालीय की बरणीत मावत नाही. फेकवत नाही. दादर, माटुंगा भागात कोणाला हवीय का? विकत वगैरे नाही.

चिंचपोकळीकर

मला! मी हाच प्रतिसाद यायची वाट बघत होतो. दुकानातल्या बाटलीवरून करून पाहणार होतो.

शेवग्याची शेंग

बाटलीवरून होतं, पण ती बिनस्वादाची आणि पाश्चराइझ न केलेली हवी, आणि चकती जाड व्हायला दोन-चार आठवडे जातात. त्यापेक्षा ही घ्या.

तिसरा मजला, देताना चकतीचा तळहाताएवढा तुकडा पुरे, कात्रीने कापलात तरी तिला काही होत नाही. पण सोबत निदान एक-दीड कप आंबट कोंबुचा द्याच. नुसती चकती पिशवीत घालून दिलीत तर समोरच्याच्या पहिल्या बॅचला बुरशी लागणार. काचेच्या बरणीत, झाकण सैल, आणि लोकलमध्ये दाटीच्या वेळी नेऊ नका.

तिसरा मजला

चिंचपोकळीकर, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. रविवारी सकाळी, दादरच्या मधल्या पुलावर, तिकीट खिडकीच्या बाजूला. दोन बरण्या आणते, अजून कोणी येणार असेल तर.

उभा कांदा

माझा शेवटचा प्रश्न. गणपतीला आम्ही सगळे गावी जातो, घर दहा-बारा दिवस बंद. बरणीचं काय करू? फ्रीजमध्ये ठेवू?

शेवग्याची शेंग

फ्रीजमध्ये नको. थंडीत बॅक्टेरिया सुस्तावतात आणि बाहेर काढल्यावर आधी बुरशी उठते. निघायच्या आदल्या दिवशी तयार कोंबुचा बाटल्यांत भरून तेवढ्या फ्रीजमध्ये टाका. बरणीत नवा गोड चहा करा, विरजण नेहमीच्या दुप्पट घाला, कापड घट्ट बांधा आणि घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात, जमिनीवर, परातीत पाणी घालून ठेवा. बंद घरात उंदराचा वावर असेल तर वर जाळीचं भांडं पालथं घाला.

परत आल्यावर तो पिण्यालायक नसेल, नुसता झणझणीत आंबट असेल. त्यातला वरचा दोन कप विरजणासाठी काढा, उरलेला व्हिनेगरसारखा कोशिंबिरीला किंवा चिकन मुरवायला वापरा. पाण्याची परात वाळलेली असेल, मुंग्या आल्यात का ते आधी बघा.

उभा कांदा

जमेल. चिकनचं मात्र सासूबाईंना सांगत नाही.